आमचे डोळे तुझ्याकडे

पप्पांची बायपास ठरली. डॉक्टर समजावत होते आणि माझ्या डोक्यात पैसे, रक्त, सह्या. आयसीयूबाहेर प्रार्थनेला बसले तर शब्दच सुचेनात. मम्मीचा हात गार पडला होता.

तेव्हा बायबलच्या 2 इतिहास 20 मधला यहूदा देशाचा राजा यहोशाफाट आठवला. मवाबी, अम्मोनी ही शत्रू सैन्यं चालून आलेली, आणि हा राजा सगळ्या यहूदासमोर देवाला सांगतो की काय करावं आम्हाला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. त्याचा हा खरेपणा मला फार आवडतो. मीही तेवढंच म्हटलं. भीती आहेच, पण सही करताना हात थरथरला नाही. प्रभू सोबत आहे.

ऑपरेशन उद्या सकाळी. पप्पांसाठी प्रार्थना करा. ओ पॉझिटिव्ह रक्त देणारं कोणी असेल तर मेसेज करा.