चिक

भाच्याने सेकंडहँड ड्रमकिट आणलं आणि रविवारी दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणतोय तोवर त्याचा फोन, मामा ये ना, हाय-हॅट नीट वाजत नाहीये. हाय-हॅट म्हणजे दांड्यावर समोरासमोर बसवलेली झांजांची जोडी, पायाने पेडल दाबलं की एकमेकींवर आपटणारी. आता बाकीचं किट कुणीही लावावं, माझं काही म्हणणं नाही, पण दुसऱ्याने लावलेली हाय-हॅट मला चालतच नाही. जाऊन बघतो तर जड झांज वर, हलकी खाली, दोन्ही अगदी सपाट, आणि पेडल दाबलं की चिक व्हायच्या ऐवजी भुस्स. हवा अडकते ना मध्ये! उलटापालट केली, मग खालच्या झांजेच्या बुडाशी छोटा स्क्रू असतो तो जरासा फिरवला, झांज किंचित कलली, हवेला वाट मिळाली, झालं. भजनातले टाळकरी तरी कुठे टाळ सपाट आपटतात, कडा सरकवूनच लावतात, त्यांना कुणी स्क्रू दिलाय? कंपन्यांचे उपाय वेगळेच, कुणी खालच्या झांजेला भोकं पाडतं, पाइस्टेने तर कडच नागमोडी केली. मला आपला स्क्रू पुरतो.

क्लचचं, म्हणजे वरची झांज दांड्याला धरून ठेवणाऱ्या चापाचं, मात्र मी ऐकून घेत नाही. भाचेबुवांनी तो असा पिळून आवळला होता की वरची झांज जागची हलेना. अरे ती डुलली पाहिजे, दोन्ही फेल्टच्या चकत्यांमध्ये जरा श्वास घेऊ दे तिला. आणि दोन झांजांतलं अंतर बोटभर, त्याहून जास्त ठेवलं की पाय नुसता उठाबशा काढतो.

आमच्या गल्लीतल्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा आम्हा पोरांना पुढे जागा मिळायची नाही, मग आम्ही स्टेजच्या मागे, पडद्याखालच्या फटीतून बघायचो. तिथून कुणाचं तोंड दिसायचं नाही, फक्त पाय. ड्रमरने डावी चप्पल काढून ठेवलेली, मोज्याला अंगठ्याशी भोक, आणि तो पाय चिक, चिक, चिक. मिमिक्रीवाला पुढे येऊन नटांचे आवाज काढायला लागला, बाकी सगळे थांबले, ड्रमरच्या हातात चहाचा ग्लास आलेला दिसला (तो खाली ठेवताना हात दिसायचा), तरी पाय चालूच. शेजारचा पोऱ्या गायिकेच्या पैंजणांकडे बघत बसला होता, मी त्या भोकाकडे.

पुढे वाचलं की 1920 च्या दशकात ही जोडी घोट्याएवढ्याच उंचीवर असायची, नुसती पायाने वाजायची. मग दांडा लांब झाला, झांजा काठीच्या हाताला आल्या आणि 1930 च्या दशकात काउंट बेसीच्या जॅझ बँडमधल्या ड्रमर जो जोन्सने सगळा ठेकाच किकवरून, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून, उचलून हिच्यावर आणला. किती हलकं झालं असेल ते वाजणं! म्हणून उजवा हात डाव्यावरून ओलांडून हिच्यावर ठेवायची ती अवघडलेली पोझ मला आवडते. बिली कोबहॅमसारखे हात न ओलांडता वाजवतात, ते शास्त्रशुद्धही असेल, पण मला बघताना चुकल्यासारखं वाटतं. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सचं बघा, स्नेअरवर (पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) मारायच्या मात्रेला हाय-हॅटवरचा हात उचलून घ्यायचा, ती मात्रा हिला सुट्टी. भाच्याला हे करून दाखवलं तर म्हणाला, मग मध्येच बंद का पडतं? जाऊ दे.

एवढं सगळं कौतुक केलं, पण ही बया बसते डाव्या कानाशी आणि वर्षानुवर्षं तिथेच वाजत राहते. रात्री पंखा बंद केला की माझ्या डाव्या कानात बारीक शीं ऐकू येतं, थांबत नाही. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. आता बोळे घालून वाजवतो. चिक तेवढं लांबून आल्यासारखं वाटतं.