जांभळी नाक्यावरून आणलेली ग्रहमाला

प्लुटोला ग्रहमालेतून काढलं म्हणून हळहळणारं कुणी भेटलं की मला आपल्या भूगोलाच्या बाई आठवतात. आम्ही आठवीत होतो तेव्हाच त्यांनी त्याची जागा आम्हाला दाखवून ठेवली होती.

विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी प्रमाण ठरवलं: 10,000 किलोमीटर म्हणजे 1 सेंटिमीटर. वस्तू ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारातून आणायच्या आणि घेताना पट्टी लावून बघायच्या. गणपतीचे दिवस होते म्हणून पपनस मिळालं, पण पपनसाला पट्टी लावणारी गिऱ्हाइकं बघून फळवाला भलताच वैतागला. ते 14 सेंटिमीटरचं पपनस म्हणजे गुरू. सोललेला नारळ शनी, त्याला 27 सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं कडं. युरेनस आणि नेपच्यूनला दोन लिंबं. युरेनस किंचित मोठा, पण वजनाने नेपच्यूनच भारी, हे बाई दरवेळी बजावायच्या. पृथ्वीला भिजवलेला काबुली चणा, शुक्राला त्यातलाच जरा बारका, मंगळाला वाटाणा, बुधाला अख्खी तूर. सूर्य व्हरांड्याच्या भिंतीवर खडूने काढला, जवळजवळ 1.4 मीटरचा.

मग बाईंनी विचारलं, "गुरू पृथ्वीच्या 11 पट रुंद, तर त्यात पृथ्व्या किती मावतील?" कुणीतरी 11 म्हणालं. बाईंनी 11 चा घन करायला लावला. 1,331. खरा आकडा 1,300 च्या आसपास आहे, कारण गुरू ध्रुवांकडे चपटा आहे. घनफळाचं ते गणित पुढे कधी विसरलो नाही.

प्लुटोची पाळी आली तेव्हा बाईंनी डब्यातून मोहरी काढली. शेजारी ज्वारीचा दाणा ठेवला आणि म्हणाल्या, "हा आपला चंद्र." चंद्र 3,475 किलोमीटर, प्लुटो 2,377. मोहरी टेबलावरून दोनदा घरंगळली, शेवटी डिंकाने चिकटवली. याच प्रमाणात अंतरं मोजली तर नौपाड्यातल्या आपल्या शाळेपासून पृथ्वी 150 मीटरवर येते, नेपच्यून नाहूरला आणि प्लुटो भांडुपच्या आसपास. ते काही टेबलावर मांडता येईना!

24 ऑगस्ट 2006 ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लुटोला बटुग्रह, म्हणजे गोल असूनही कक्षेचा परिसर मोकळा न केलेला छोटा पिंड, ठरवलं, तेव्हा मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, सेरेसचंही असंच झालं होतं. 1801 मध्ये सापडला, पन्नासेक वर्षं ग्रह म्हणून मिरवला, मग लघुग्रहांत गेला." आता तोही बटुग्रहच. शिवाय नुसत्या आकारावर ग्रहपद मिळत असतं, तर बुधापेक्षा मोठा असलेला गुरूचा चंद्र गॅनिमीड आधी रांगेत उभा राहिला असता. प्लुटोची अडचण वेगळी: त्याच्या कक्षेचा परिसर त्याच्यासारख्याच इतर पिंडांनी भरलेला आहे. 2005 मध्ये शोध जाहीर झालेला एरिस तर आधी प्लुटोपेक्षा मोठाच वाटला होता. नंतरच्या मापात तो 2,326 किलोमीटर भरला, म्हणजे थोडा लहान, पण वस्तुमानाने प्लुटोपेक्षा सुमारे 27 टक्के जास्त.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात ही ग्रहमाला पुन्हा मांडावी, असं मी महोत्सव समितीला सुचवलं आहे. बटुग्रहांचं सामान माझ्याकडे लागलं: प्लुटो आणि एरिसला मोहरी, माकेमाकेला त्याहून बारीक राई, सेरेसला खसखस. हौमिया स्वतःभोवती चार तासांत गरकन फिरतो आणि त्यामुळे लांबुडका झाला आहे, त्याला तीळ चालेल.