तुम्ही विचारलंत म्हणून: सभासदांना बदल नको असेल तर?

सभासदांच्या एखाद्या संस्थेत नव्यानं अध्यक्ष किंवा चिटणीस झालेली आणि तिचे नियम, वर्गणी किंवा रचना बदलू पाहणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. त्याला बहुतेकदा एक शेपूटही असतं: 'आपण सेवेसाठी आलो, मग लोकांना नको ते त्यांच्या गळी कसं उतरवायचं?'

उतरवायचं नाहीच. पण सगळ्यांच्या 'हो'ला 'हो' करत बसणं म्हणजेही सेवा होत नाही. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी सहकारी दुकान काढलं आणि त्या परंपरेतून 'एक सभासद, एक मत' हा नियम रूढ झाला. तुमची संस्था सहकारी नसेल, तरी सभासदाचं नातं साधारण तेच असतं. तो मालक आहे. गिऱ्हाइकाला खूश ठेवावं लागतं. मालकाला मात्र नीट निर्णय घेता यावा, म्हणून कागद लावून द्यावे लागतात, आणि हे काम फार कंटाळवाणं असतं.

सुरुवात सभासदांच्या यादीपासून करा. समजा यादीवर ९०० नावं आहेत आणि गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) एकपंचमांश, म्हणजे सभेला १८० माणसं हवीत. त्यातली २५० नावं वारलेल्यांची, दुबार किंवा वर्षानुवर्षं थकबाकीत असलेल्यांची निघाली, तर नियमानुसार ती कमी केल्यावर आकडा १३० वर येतो. यादी न तपासता सभा लावली की ती गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि पुढच्या सभेत, जिथे अनेकदा गणपूर्तीची अट नसते, मूठभर माणसं मोठा निर्णय घेऊन मोकळी होतात. कायद्यात ते बसत असेलही, पण 'आम्हाला न विचारता केलं' ही तक्रार पुढची पाच वर्षं पुरते.

मग संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, काढून मतदानाचं कलम शब्दशः वाचा. 'दोनतृतीयांश' कशाचे? समजा १२० जण हजर आहेत. ७५ बाजूनं, ३० विरोधात, १५ तटस्थ. मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांश हवे असतील तर १०५ पैकी ७० पुरतात आणि ठराव मंजूर होतो. हजर असलेल्यांच्या दोनतृतीयांश हवे असतील तर ८० लागतात आणि तोच ठराव पडतो. हे सभेत, माईक हातात असताना कळलं तर फजिती होते.

आता ऐकण्याबद्दल. प्रश्नावली पाठवली की उत्तरं येतात ती एरवीही बोलणाऱ्यांचीच. त्यापेक्षा ३० फोन करा: १० नेहमी येणाऱ्यांना, १० नुसती वर्गणी भरून कधीच न फिरकणाऱ्यांना आणि १० गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांना. 'बदल हवा का?' असं विचारू नका, त्याला काहीही उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: गेल्या वर्षात संस्थेचा उपयोग नेमका कधी झाला? कोणती गोष्ट बंद झाली तर वर्गणी भरणं थांबवाल? सगळ्यात कामाचं ते सोडून गेलेले सांगतात. भांडणाऱ्यांची आपण धास्ती घेतो, पण भांडणारा अजून संस्थेत असतो. खरी गळती न बोलता होते.

बदलाचा मसुदा एका पानाचा असावा. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं आणि खाली ठळकपणे: यात कोणाचं काय जाणार. ही शेवटची ओळ टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. शाखा एकत्र करताना कुणाचं तरी शाखाध्यक्षपद जातं. छापील वार्तापत्र बंद केलं की ज्यांना मोबाइलवर वाचणं जमत नाही त्यांचा संस्थेशी उरलेला एकमेव धागा तुटतो. हे तुम्ही लिहिलं नाहीत तर सभेत दुसरं कुणीतरी सांगणार, आणि मग ते लपवल्यासारखं दिसणार. माजी पदाधिकाऱ्यांना मसुदा पक्का होण्याआधी, एकेकट्यांना भेटा. जी रचना तुम्ही मोडताय ती त्यांनी उभी केलेली आहे, आणि ती तशी का केली हे बऱ्याचदा फक्त त्यांनाच माहीत असतं.

वर्गणीवाढ आणि घटनादुरुस्ती एका ठरावात बांधू नका. एकावरचा राग दुसऱ्याला बुडवतो. वर्गणीवाढीचं गणित तर फसवंच असतं. वर्गणी २५ टक्क्यांनी वाढवली आणि १,००० पैकी २०० सभासद गेले, तरी जमा रक्कम तेवढीच राहते. खजिनदार निश्चिंत असतो. पण त्या २०० जणांत कार्यक्रमाला खुर्च्या लावणारे, हिशेब तपासणारे, उद्या कार्यकारिणीत येऊ शकणारेही गेले, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

ठराव मंजूर झाल्यावर जुनी आणि नवी पद्धत किती दिवस शेजारी चालवायची? सभासदत्वाचं नूतनीकरण वर्षातून एकदा होत असेल तर पूर्ण १२ महिने. तीन महिन्यांत जुना अर्ज बंद केला, तर ज्यांची मुदत दहाव्या महिन्यात संपते त्यांना बदल झाल्याचं दार बंद झाल्यावरच कळतं. या काळात शंकांसाठी एका माणसाचं नाव आणि फोन जाहीर करा, दोन दिवसांत उत्तर द्या आणि प्रत्येक प्रश्न वहीत टिपा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर दोष बहुधा सूचनेच्या भाषेत असतो. निकाल मोजताना एकूण आकड्यावर जाऊ नका. पहिल्या वर्षाचे सभासद किती टिकले आणि जुने किती, हे वेगवेगळं बघा, तेही नूतनीकरणाचं एक चक्र पूर्ण झाल्यावर.

राहता राहिला 'सेवाभाव'. बदलाच्या आड सगळ्यात जास्त येतो तो बहुधा संस्थेचा सर्वांत झिजणारा माणूस: सगळं एकटा करणारा, सगळं डोक्यात ठेवणारा, एकही किल्ली दुसऱ्याकडे न देणारा. त्याच्या त्यागापुढे कुणाला बोलवत नाही. 'सेवक-नेतृत्व' ही कल्पना १९७० साली मांडणाऱ्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी तिची कसोटीही दिली होती. ज्यांची सेवा केली ती माणसं अधिक शहाणी, अधिक मोकळी, अधिक स्वावलंबी झाली का, असं ती विचारते. या कसोटीवर असा चिटणीस नापास होतो. म्हणून बदलाच्या आराखड्यात पहिल्याच महिन्यात एक रूक्ष काम घाला. बँकेत सही करणारा दुसरा माणूस, पासवर्डची सीलबंद यादी, दर महिन्याला काय करायचं याचं दोन पानी टिपण, आणि ते टिपण वाचून ते काम एकदा तुमच्या गैरहजेरीत करून दाखवणारा कुणीतरी.