अंजनेरीच्या फलकावरचे साल

नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीच्या डोंगरपायथ्याशी पडकी जैन आणि हिंदू देवळे विखुरलेली आहेत. त्यांच्या माहितीफलकाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा कार्यालयाची अट एकच होती : ती कोणी आणि कोणत्या साली बांधली, हे पहिल्याच ओळीत आले पाहिजे.

पाऊस ओसरल्यावर मी पाहणीला गेलो. कुठे शिखर ढासळलेले, कुठे नुसते जोते आणि द्वारशाखा. गुरे राखणाऱ्या एका आजोबांनी न विचारताच सांगितले, "पांडवांनी एका रात्रीत बांधलीत ही, साहेब." पांडव नसतील तर हेमाडपंत, हे आपल्याकडे ठरलेलेच, पण हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि येथील शिलालेख त्याच्याहून शंभरेक वर्षांनी जुना आहे.

तो लेख संस्कृतात असून शके 1063 चा, म्हणजे इसवी सन 1142 च्या सुमाराचा आहे. बॅटरी बाजूने तिरकी धरली की झिजलेल्या अक्षरांच्या खोबणीत सावली साचते आणि ओळी वर येतात. यादव राजा सेउणदेवाने चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला नगरातील तीन दुकाने दिली, असे त्यात म्हटले आहे; आज जेथे गुरे चरतात तेथे तेव्हा पेठ होती, हे मला त्या तारखेहून मोलाचे वाटते. कार्यालयाला मात्र हेच साल बांधकामाचे म्हणून हवे होते. लेख दानाचा आहे. दान घेणारे मंदिर त्याआधी उभे असलेच पाहिजे, मग ते वर्षभर आधी असो की शतकभर, आणि शेजारच्या देवळांविषयी तर त्यात अवाक्षर नाही.

अंजनेरीलाच मिळालेल्या, भोगशक्ती नावाच्या राजाच्या ताम्रपटांवरून ही देवळे आठव्या शतकात नेण्याचा मोह होतो. पण कलचुरी संवत 461, म्हणजे इसवी सन 710 च्या त्या ताम्रपटात दान आहे ते नारायणाच्या देवळाला, या जैन मंदिरांना नव्हे.

बरीच हुज्जत झाल्यावर पहिली ओळ अशी ठरली : "चंद्रप्रभ मंदिर शके 1063 पूर्वीचे, बांधणारा अज्ञात." बाकीच्या देवळांपुढे मी साल घातले नाही.