अंगठ्याखालचं हाड

"ऑपरेशनची तारीख मिळालीय, तरी एकदा तुम्ही बघा," म्हणत आईने फाइल पुढे केली. मुलगी 800 मीटर धावणारी. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने कित्येक महिने दुखत होतं. तिथे सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात, गुडघ्याच्या वाटीसारखी स्नायूबंधात बसलेली. पाऊल रेटताना त्यांच्यावर मोठा भार येतो.

रिपोर्टमध्ये फ्रॅक्चर लिहिलं होतं. एक्स-रेत आतल्या बाजूच्या सेसमॉइडचे दोन भाग दिसतही होते, पण कडा गुळगुळीत होत्या. दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढला, तिथेही तसेच दोन भाग. काही माणसांत हे हाड मुळातच दुभागलेलं असतं. एमआरआयमध्ये मात्र हाडात सूज होती. म्हणजे पोरीचं दुखणं खरं होतं आणि ते जास्तीच्या भारामुळे होतं.

मग बूट मागितले. आत जेलची गादी नेमकी दुखऱ्या जागेखाली चिकटवलेली! हाताला मऊ लागते, पण जाडी वाढल्यामुळे दाब तिथेच येतो. ती काढली. फेल्टचा पॅड त्या हाडापुरता कापून असा बसवला की हाड खाचेत राहील आणि भार आजूबाजूला, मागे जाईल. अंगठा वाकू नये म्हणून कडक तळाचा बूट दिला. कॉरिडॉरमध्ये फेरी मारून ती म्हणाली, "डॉक्टर, टोचत नाहीये."

पोटऱ्या आखडलेल्या होत्या. त्यामुळे टाच लवकर उचलली जाऊन चवड्यावर भार पडत होता. स्ट्रेचिंग सुरू केलं.

पाळीबद्दल विचारल्यावर ती आईकडे बघू लागली. पाळी बंद होती. वजन वाढू नये म्हणून ती जेवण तोडत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. माझ्या लेखी हा प्रश्न एक्स-रेइतकाच महत्त्वाचा आहे. पोटात पुरेसं गेलं नाही तर हाडाची डागडुजी नीट होत नाही, मग पॅड कितीही नेमका बसवा. त्याच दिवशी आहारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घेतलं.

सर्जननेही थांबायला होकार दिला. सेसमॉइड काढलं की अंगठ्याचा जोर कमी होऊ शकतो, तो तिरकाही होऊ शकतो, आणि धावपटूला ते परवडत नाही.

धावणं बंद, पण पाण्यात पट्टा बांधून पळणं आणि सायकल चालू. चालताना दुखेनासं झाल्यावर टाचा उचलण्याचे व्यायाम, मग दिवसाआड हलकं जॉगिंग. ऑपरेशनची गरज पडली नाही. स्पाइक्स, म्हणजे शर्यतीचे खिळ्यांचे बूट, मात्र सगळ्यांत शेवटी दिले. त्यांचा तळ पातळ असतो, भार पुन्हा चवड्यावरच येतो.