तुम्ही विचारलंत म्हणून: जॅरोच्या बाई

संसदीय इतिहासावर कुठेही बोलून झालं की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. "ब्रिटिश पार्लमेंटात एवढी मोठमोठी माणसं होऊन गेली, तुम्ही मजूर पक्षाच्या त्या एलन विल्किन्सनलाच का धरून बसलात? त्या बाईंचा विषय तरी नेमका कोणता? कधी भारतातले तुरुंग, कधी जर्मनीतले ज्यू, कधी बंद पडलेली गोदी, मध्येच हप्त्यावरचं फर्निचर. एक ना धड भाराभर चिंध्या."

मलाही आधी असंच वाटायचं. मग त्यांच्या मतदारसंघाची, जॅरोची, गोष्ट नीट वाचली.

ईशान्य इंग्लंडमधलं, टाइन नदीकाठचं हे गाव पामर यांच्या गोदीवर जगत होतं. १८५२ पासून तिथे जहाजं बांधली जात. एका टोकाला कच्चं लोखंड आत यायचं आणि दुसऱ्या टोकाला तयार जहाज पाण्यात उतरायचं. मंदीत ऑर्डरी आटल्या, हे खरंच. पण गोदीचा जीव मंदीने एकटीने घेतला नाही. जहाजबांधणीतल्या कंपन्यांनी १९३० साली मिळून 'नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी' नावाची कंपनी काढली होती. तिचं काम एकच: 'जास्तीच्या' गोद्या विकत घ्यायच्या आणि मोडीत काढायच्या, म्हणजे उरलेल्यांच्या पदरात काम पडेल. १९३४ मध्ये तिने पामरची गोदी घेतली. सोबत अट घातली की या जागेवर ४० वर्षं जहाज बांधायचं नाही.

चाळीस वर्षं! म्हणजे तेव्हा पंचविशीत असलेला रिव्हेट ठोकणारा गडी पासष्टीला पोचेपर्यंत. नदीकाठ ओस पडला. गावातले दहातले सात कामकरी बेकार झाले. पुढे तिथे पोलादाचा कारखाना काढायचं घाटत होतं, त्यात पोलादवाल्यांच्या संघटनेने मोडता घातला. व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांनी गावकऱ्यांना सांगितलं, जॅरोने आपला उद्धार आपणच करावा. एखादी जागा पडीक दिसली की आपण 'दिवस फिरले' म्हणून मोकळे होतो. इथे तर पडीक ठेवण्याचा लेखी करार होता.

बाई १९३५ मध्ये जॅरोतून निवडून आल्या आणि तो करार त्यांनी सोडला नाही. १९३९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता भारताचं. १९३१ ची निवडणूक त्या हरल्या होत्या, त्यामुळे १९३२ मध्ये इंडिया लीगच्या, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये झटणाऱ्या संघटनेच्या, शिष्टमंडळातून इथे आल्या तेव्हा खासदारही नव्हत्या. सोबत कृष्ण मेनन होते. तीन महिने फिरल्या, तुरुंगातल्या गांधीजींना भेटल्या, आणि या माणसाला बाजूला ठेवून इथे शांतता होणार नाही, असं मत घेऊन परतल्या. गोलमेज परिषदा लंडनला चालू आणि ज्यांच्याशी बोलायचं ते गजाआड! हिटलर सत्तेवर आल्यावर त्याच धडाक्याने त्या फॅसिझमच्या बळींना मदत गोळा करण्यात पडल्या. मला यात चिंध्या दिसत नाहीत. ज्याचं भवितव्य ठरतंय तो माणूस बैठकीला आहे का, एवढं एकच त्या बघत होत्या. पामरची गोदी विकली गेली तेव्हाही तो नव्हता.

फर्निचरचं तर मला फार आवडतं. हप्त्याने घेतलेल्या कपाटाचे जवळजवळ सगळे पैसे भरून झालेले असायचे, एक हप्ता चुकला की दुकानदार माणसं पाठवून कपाट उचलून न्यायचा, आणि आधी भरलेले पैसेही गेले. बाईंनी खासगी विधेयक आणून १९३८ चा कायदा करून घेतला: एक तृतीयांश रक्कम भरली असेल तर कोर्टाच्या हुकुमाशिवाय वस्तू उचलायची नाही. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या बाईने कपाटासाठी एवढं झिजावं, याचं काहींना हसू येतं. मला येत नाही.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही हं. १९४५ मध्ये शिक्षणमंत्री झाल्यावर मुलांना अकराव्या वर्षी चाळून वेगवेगळ्या शाळांत टाकण्याची पद्धत त्यांनी चालू ठेवली, तेव्हा स्वपक्षातलेच चिडले. चिडणं रास्त होतं.

राहता राहिला जॅरोच्या बेकारांचा, गावाला काम मागणारा मोर्चा. ५ ऑक्टोबर १९३६ ला २०० माणसं लंडनकडे निघाली, सुमारे ३०० मैल. ओकच्या पेटीत ११ हजारांवर सह्यांचा अर्ज. पाच फूटही उंची नसलेल्या बाई काही टप्पे त्यांच्याबरोबर चालल्या. मजुरांच्या संघटनांनी हात आखडता घेतला, तर काही गावांत विरोधी हुजूर पक्षवाल्यांनीच जेवू घातलं. लेस्टरला चांभारांनी रात्रभर बसून त्यांचे बूट फुकट दुरुस्त करून दिले. एकाने सँडविचमधलं मांस काढून पाकिटात घातलं आणि घरी टपालाने पाठवलं, अशी आठवण सांगतात.

४ नोव्हेंबरला बाईंनी अर्ज सभागृहात मांडला. काही मिनिटांत विषय संपला आणि कामकाज पुढे सरकलं. माणसं आगगाडीने घरी परतली. तिथे कळलं की बेकारभत्ता कापला गेलाय: मोर्च्याच्या दिवसांत एखादं काम निघालं असतं, तर ते घ्यायला ही माणसं गावात हजर नव्हती.