टॉकीजच्या खुर्च्या आणि आम्ही : आमची वाटचाल

आमचं काम मूळचं रेक्झिनचं. बाबा रिक्षाच्या सीटा शिवायचे, मग एका टॉकीजच्या मॅनेजरने बाल्कनीतल्या फाटक्या खुर्च्या आणून टाकल्या आणि म्हणाला, बघा, शुक्रवारच्या आत पाहिजे. शुक्रवारी नवीन पिच्चर लागायचा ना. तिथनं जी लाइन लागली ती लागलीच.

त्या वेळचं सोलापूर म्हणजे मिलचा भोंगा आणि टॉकीजची घंटा. शिफ्ट सुटली की थेट सहाच्या नाहीतर नऊच्या खेळाला, पगाराच्या आठवड्यात तर खिडकीवर मारामारी. भागवत, प्रभात ही नावं तर पत्ता सांगायलाच वापरायचे लोकं. पूर्व भागात तेलुगू पिच्चर चालायचे, अजूनही हिरो मोठा असला की चालतात, हातमाग-पॉवरलूमवाली पद्मशाली मंडळी तिकडं मोठ्या संख्येनं ना. त्या टॉकीजचं काम आम्हाला कायम मिळायचं कारण हिरोची एन्ट्री झाली की लोक खुर्चीवर उभे राहून नाचायचे, सीट खाली बसायचीच.

खुर्ची म्हणजे काय तर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पाय, सागवानी हात, आत काथ्या आणि वरून रेक्झिन. तीन-तीनचा सेट. रिपेअरला खोलली की आतून काय निघायचं विचारू नका, शेंगांची टरफलं, बिडीची थोटकं, चार आणे आठ आणे आणि ढेकूण, ढेकूण तर फुकटात. ब्लेडने रेक्झिन चिरणारे कोण असतात मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण आमचं पोट त्यांच्यावर चाललंय हे कबूल करायला पाहिजे.

पहिला झटका बसला तो १९८७ला, रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण सुरू झालं आणि रविवारचा सकाळचा खेळ गेला. त्यात व्हिडिओ, मग केबल. मिला बंद पडल्या तसं पिटातलं, म्हणजे पुढच्या स्वस्त रांगांचं गिऱ्हाईकच गेलं. टॉकीजवाले दुरुस्ती पुढं ढकलायला लागले आणि एकाने तर दोन वर्षं आमचे पैसे लटकवले, नाव घेत नाही, अजून सणाला भेटतात.

नंतर मल्टिप्लेक्सची हवा आली तेव्हा मी दुकानात बसायला लागलो होतो. मोठ्या हॉलचे दोन पडदे करायचे, पुशबॅक खुर्च्या टाकायच्या. पहिल्याच ऑर्डरला मी घोळ घातला. जुन्या रांगांच्या बोल्टवरच पुशबॅक बसवल्या, पुढचा माणूस मागं रेलला की मागच्याच्या गुडघ्यावर. मालकाने स्वतः बसून दाखवलं आणि मग शिव्या दिल्या. रात्रभर ड्रिल मारून दर तीन रांगांच्या दोन केल्या, खुर्च्या उरल्या आणि त्यांचा खर्च आमच्या बोकांडी. तेव्हापासून टेप स्वतः धरतो, पोरांवर सोडत नाही.

२०१६ला सैराट आला तेव्हा मात्र जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं. नागराज मंजुळे आपल्या करमाळ्याकडचे, जेऊरचे, त्यामुळं लोक घरचं कार्य असल्यासारखे यायचे. त्या दोन महिन्यात तुटलेल्या सीटा मी मोजल्या नाहीत, नुसत्या वेल्डिंग केल्या. पुढच्या वर्षी जीएसटी आला, शंभरच्या वरच्या तिकिटाला २८ टक्के, आणि मालक लोक परत हात आखडून.

मग कोरोना. मार्च २०२०ला बंद, नोव्हेंबरात निम्म्या सीटांवर उघडले तेव्हा आमचं काम काय तर एक सोडून एक खुर्चीवर फुलीचं स्टिकर! २०२१च्या एप्रिलात परत बंद, ते ऑक्टोबरपर्यंत. सहा-सहा महिने बंद हॉलमध्ये उंदरांनी फोम असा खाल्ला होता की दुरुस्तीपेक्षा नवीन स्वस्त पडत होतं. आणि नवीनला पैसे कुणाकडं होते?

त्यातल्याच एका टॉकीजवाल्याने नंतर फोन केला, खुर्च्या घेऊन जा, भंगाराच्या भावात. गेलो, बाबा पण आले, नको म्हणत असताना. हॉलमध्ये मोबाईलचा टॉर्च मारत ते रांगेतनं हिंडत होते, आणि एका खुर्चीच्या पाठीवर रंगवलेल्या नंबरावर हात ठेवून म्हणाले, हा माझा आठ. बाबा ८ काढताना शेपूट वर न्यायचेच नाहीत, अर्धाच सोडायचे, त्यावरून आई त्यांना हिशोबाची वही बघून बोलायची. ती सगळी लाइन त्यांनी रंगवलेली निघाली. पाने घेऊन नटं त्यांनीच खोलायला घेतली, गंजलेली, रॉकेल सोडून सोडून. भंगारवाला काटा घेऊन आला होता, त्याला म्हणाले लाकूड ने, बीड राहू दे.

ते पाय गोडाऊनला पडून आहेत, साधारण दीडशे सेट. पुण्याचे हॉटेलवाले त्यांना जुना लूक म्हणून विचारतात, भाव देतात बरा, पण बाबा अजून हो म्हणेनात आणि मी पण फार मागं लागत नाही. चालू काम म्हटलं तर मंगल कार्यालयाचे सोफे, कॉलेजच्या हॉलच्या खुर्च्या आणि कधीतरी एखाद्या मल्टिप्लेक्सचा रिक्लायनर, त्याची मोटर जळते, कापड फाटत नाही. मोटरचं काम धाकट्याने शिकून घेतलंय.